डोंगरखाऊ आणि चाफोली मुक्काम

तात्या शेवाळे वारले तेव्हा त्यांचा डाव अर्धवट राहिला होता आणि चाल त्यांची होती.

ही बाब घरच्यांपैकी कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. घरचं माणूसही एकच होतं, त्यांची मुलगी हेमांगी, आणि तिच्या डोक्यात त्या दिवसांत दूधवाल्याला एक लिटरचं अर्धा लिटर सांगायचं राहिलंय याखेरीज दुसरं काही टिकत नव्हतं. पण कराडच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राच्या चिटणीस कदम सिस्टर यांच्या ते पहिल्या दिवसापासून ध्यानात होतं. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून काढलेल्या बाई. तेराव्याचं जेवण त्या शांतपणे जेवल्या, हात धुतले, हेमांगीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"वाईट झालं, पोरी. आता बुधवारी चार वाजता ये. डाव पुरा करायचाय."

"कसला डाव?"

"'आवाहन'चा. नियम बावीस. खेळाडू हयात नसेल तर वारसाने खेळायचं. बुंदी छान झालीय."

'आवाहन' हा पत्त्यांचा खेळ मुळात दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी निघाला होता. प्रत्येकाकडे चाळीस पानांची गड्डी. पान पटावर ठेवलं की त्यावरचा प्राणी प्रकाशाच्या रूपात वितभर उंच उभा राहायचा. चिखल्या, फुंकऱ्या, टोचण्या असले किरकोळ प्राणी फुकट येत. पण डोंगरखाऊसारखा महाकाय बोलवायचा असेल तर आपल्याच बाजूचे तीन किरकोळ प्राणी बळी द्यावे लागत. महाकाय आला की डाव जवळजवळ जिंकलाच. मुलांना दोन वर्षांत कंटाळा आला आणि खेळ अडगळीत गेला. तिथून तो उचलला एका स्मृती-संशोधन संस्थेनं.

विसरण्याची सुरुवात विसरण्यापासून होत नाही, असं त्या संस्थेला आढळलं होतं. माणूस चष्मा कुठे ठेवला हे विसरू लागतो, त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी कपाळामागच्या मेंदूची एक वेगळीच कुवत झिजायला लागते: हातातलं थोडं आत्ता सोडून पुढे जास्त मिळवण्याची. ही झीज वेळीच मोजता आली तर औषध लागू पडतं. पण दर आठवड्याला डोक्याला तारा लावून घ्यायला कोण म्हातारा येणार? पत्ते खेळायला मात्र सगळे येतात, आणि या खेळात तर बळी आणि आवाहन हाच मुख्य नियम. संस्थेनं देशभरातल्या विरंगुळा केंद्रांना गड्ड्या फुकट वाटल्या.

पहिल्या वर्षी काहीच हाती लागलं नाही. म्हातारी माणसं चिखल्यांना आंब्याच्या कोयीसारखी फेकून देत. ज्याचं काही वाटत नाही ते सोडण्यात मेंदूला कष्ट कसले? मग संस्थेनं पानांवर नवा पापुद्रा चढवला. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण होते. पान कसं धरता, किती दाबता, ठेवण्याआधी किती थांबता, त्याप्रमाणे ते कण हळूहळू जागा बदलत, आणि वर्ष-दीड वर्षात पानावरच्या प्राण्याला खेळणाऱ्याची लकब लागे. बळी द्यायचा म्हणजे पान पटाच्या मधोमध असलेल्या काळ्या खळग्यात ठेवायचं. सात सेकंदांत कण वितळत. थोडी लकब महाकायात उतरे, बाकीची कायमची जाई आणि पान कोरं पांढरं पडे. ते परत कधी उठत नसे, त्याच्या जागी संस्था नवं पान देई. मोजायचं तर थोडं दुखलं पाहिजे, असं संस्थेच्या अहवालात पुष्कळ सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

दुखलंही. एका आजोबांनी आपल्या पहिल्या फुंकऱ्यासाठी दोन मिनिटं मौन पाळायला लावलं होतं. एक आजी बळी दिल्याच्या दिवशी रात्री फक्त दूध पीत. अपवाद एकच, मैनुद्दीन मुल्ला. तात्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते तेव्हा मैनूभाई तिथेच ड्रायव्हर होते. समोर मोकळा रस्ता दिसला की ब्रेक हा भाग ते ऐच्छिक मानत. सहा वर्षांत त्यांनी दोनशे दहा बळी दिले होते, पाच वेळा चषक जिंकला होता, आणि भिंतीवरच्या फळ्यावर सहाव्यांदा आपलं नाव लागावं म्हणून जागा आधीच पुसून ठेवली होती.

तात्यांचे बळी शून्य. एकही नाही. डोंगरखाऊ हातात, पटावर तीन प्राणी रांगेत, चाल तात्यांची, आणि तात्या म्हणणार, "पास." मग पुढच्या चालीला हरणार, चहा पिणार, घरी येणार.

तीन वर्षांपूर्वी संस्थेकडून हेमांगीला संदेश आला होता. 'जगन्नाथ शेवाळे, वय ७६. आगाऊ नियोजनाची कुवत: जवळपास नाही. निर्णयक्षमता: क्षीण. पानांच्या पाठीवर नावं लिहून ठेवतात, म्हणजे स्मृतीलाही आधार लागतो. वाहन चालवू देऊ नये.'

हेमांगी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. स्वच्छ दिसणाऱ्या विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही हे लोकांना दिवसातून चारदा सांगणं हा तिचा पेशाच होता. लोक म्हणत, "बाई, आमचा आजा हेच पाणी पिऊन नव्वद वर्षं जगला." ती आकडा दाखवायची. आकड्यापुढे आजोबा चालत नाहीत, हे तिनं अनेकांना ऐकवलं होतं. तेव्हा संदेश वाचून तिनं त्याच संध्याकाळी स्कूटरची किल्ली मागितली. पेट्रोलचं इंजिन काढून बॅटरी बसवलेली ती पंचवीस वर्षांची स्कूटर तात्या रोज पुसत. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, बोटानं टेबलावर दोनदा टिचकी मारली, "घे," म्हणाले, आणि मटार सोलायला बसले. दुसरं काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं हेमांगीला गेल्या चौदा दिवसांत बऱ्याचदा वाटलं होतं.

बुधवारी ती अर्धी रजा टाकून केंद्रावर गेली.

पट मांडलेला होता. तात्यांची खुर्ची रिकामी, तिच्यावर त्यांची पातळ उशी. समोर मैनूभाई. शेजारी घड्याळ घेऊन कदम सिस्टर. आणि संस्थेचा एक तरुण डॉक्टर, निमकर, पाठीला पिशवी अडकवून उभा होता. हेमांगीला पाहून तो चेहरा गंभीर करून म्हणाला, "तुमच्या दुःखात संस्था सहभागी आहे," आणि पटावरची तात्यांची पानं गोळा करायला त्यानं हात पुढे केला.

त्या हातावर फटका बसला.

"सिस्टर!"

"नियम सतरा," कदम सिस्टर म्हणाल्या. "चालू डावातली गड्डी पटावरून कुणीही उचलायची नाही. संस्थेनंही नाही. खाली तुमच्याच साहेबांची सही आहे."

"पण मृत खेळाडूची गड्डी परत घेऊन धुवायची असते. कण सगळे पुन्हा कोरे करायचे असतात."

"धुवा की. डाव संपू द्या, मग न्या आणि धुणं घाला. बस गं हेमांगी. दर बुधवारी प्रत्येकी एक चाल. चालीला वीस मिनिटं."

हेमांगी बसली. निमकर तिच्या कानाशी वाकला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या स्वतःच्या आजीची गड्डी सांगलीच्या केंद्रात होती.

"मॅडम, एक मार्ग आहे. जिवंत झालेला महाकाय खेळाडूच्या मालकीचा होतो. तो आम्ही परत मागत नाही. तुमच्या वडिलांच्या हातात डोंगरखाऊ आहे. पटावर तीन प्राणी आहेत. बळी द्या, बोलवा आणि डोंगरखाऊ घरी घेऊन जा. तिघांची मिळून चाळीस टक्के लकब त्यात उतरते."

"उरलेली साठ?"

"ती जाते."

"आणि मी बळी दिला नाही तर?"

निमकरनं मानेनं समोर खूण केली. मैनूभाईंच्या बाजूलाही तीन प्राणी उभे होते आणि त्यांच्या हातात महाकाय असणार हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक होतं. "मग पुढच्या चालीला मुल्लासाहेब डाव संपवतील आणि शंभर टक्के जाईल."

हिशेब सरळ होता. हेमांगीला सरळ हिशेब आवडत. तिनं पहिलं पान उचललं. प्राणी विझला. तिनं ते पुन्हा ठेवलं. प्राणी उठलाच नाही.

"मोडलं का?"

"तशी नाही उठत ती," मैनूभाई म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते, स्वतःच्या पानांकडे पाहत होते. "दोनदा टिचकी मार. ठेवायच्या आधी."

हेमांगीचा हात थांबला. जेवायला बसताना पाटाच्या कडेवर दोन टिचक्या. ती दहावीत असताना पहाटे पाच वाजता तिच्या खोलीच्या दारावर दोन टिचक्या, हाक नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी खाटेच्या लोखंडी दांडीवर दोन.

तिनं पानावर दोनदा टिचकी मारली. चिखल्या उठला. वितभर उंच, पोट सुटलेला, मातकट उजेडाचा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि जाऊन बाकीच्या दोघांच्या मागे बरोबर चार बोटं अंतर राखून रांगेत उभा राहिला.

"रांगेत का उभे राहतात?" हेमांगीनं विचारलं.

"फलाटावर कसं उभं राहायचं असतं मग?" मैनूभाई म्हणाले.

तिनं पान पुन्हा हातात घेतलं आणि काळ्या खळग्याकडे नेण्यासाठी उलटं केलं. पाठीवर बॉलपेननं, तात्यांच्या खालून रेघ मारलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'चाफोली मुक्काम.' दुसऱ्यावर: 'घाणव ७.१०.' तिसऱ्यावर: 'वरची निवी, फक्त बाजारादिवशी.'

"नावं लिहून ठेवायचे," ती निमकरला म्हणाली. "तुमच्या संदेशात होतं. विसरायला लागले होते."

यावर मैनूभाई इतके हसले की त्यांना कवळी काढून रुमालात ठेवावी लागली.

"तात्या विसरणार? हेमे, अगं त्या माणसाला एकोणीसशे नव्वद सालची कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहिली ते पाठ होतं. माझ्या बायकोचं नाव मी एकदा फॉर्मवर चुकवलं ते त्यानं दुरुस्त केलं."

"मग ही नावं?"

मैनूभाईंनी कवळी परत बसवली. त्यासाठी त्यांना जरा वेळ लागला आणि तेवढ्यात त्यांचं हसू ओसरलं.

"जत्रेचे दिवस आले की जादा गाड्या सोडायच्या असतात. गाड्या आणायच्या कुठून? तीन बारक्या फेऱ्या रद्द केल्या की एक जत्रेची सुटते. चाफोलीला रात्री मुक्कामी जाणारी गाडी, माणसं किती? नऊ. घाणवला सात. जत्रेच्या एका गाडीत साठ कोंबून बसतात. हिशेब बरोबरच आहे, कुणी काही चुकीचं करत नव्हतं. खिडकीत बसून कर्ण्यावर 'फेरी रद्द' म्हणायचं काम तात्याचं. नवीन होता तेव्हा त्यानं एकदा म्हटलं. चाफोली मुक्काम रद्द. ती गाडी रात्री गेलीच नाही म्हणून सकाळी निघाली नाही. चाफोलीच्या दोन पोरी बारावीच्या पेपरला बसायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा बाप खिडकीशी आला. भांडला नाही. नुसतं विचारलं, आज आहे का गाडी? बस. त्यानंतर तात्यानं छत्तीस वर्षांत एक फेरी रद्द केली नाही."

"मग जत्रेच्या गाड्या?"

"त्याही सुटायच्या! माझ्या जिवावर!" मैनूभाई एकदम उसळले. "रजेवरचे ड्रायव्हर घरातून ओढून आणायचा. वर्कशॉपमध्ये पडलेली गाडी मेकॅनिकच्या पाया पडून उभी करायचा. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी घाणव सात-दहा घेऊन गेलोय. बायको माझ्या मागच्या सीटवर, हातावर मेंदी. तिला वाटलं फिरायला नेतोय. घाणवला धड चहासुद्धा मिळत नव्हता. ती अजून मला ऐकवते, आणि तात्याला मात्र जाईपर्यंत ईदेचा शीरखुर्मा!"

"अकरा मिनिटं," कदम सिस्टर म्हणाल्या.

हेमांगी निमकरकडे वळली. "मला कच्च्या नोंदी दाखवा."

"म्हणजे?"

"निकाल नको. त्याच्या आधीचे आकडे. पानांनी काय टिपलं ते."

निमकरनं पिशवीतून डिजिटल पाटी काढली. हेमांगीनं ती हातात घेतली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला आपण काय करतोय ते कळत होतं. डोंगरखाऊ हातात आणि तीन प्राणी पटावर, असा प्रसंग तात्यांवर सहा वर्षांत त्रेचाळीस वेळा आला होता. प्रत्येक वेळी त्यांचं बोट पहिल्या पानावर गेलं होतं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग परत. पास. पहिल्या वर्षी याला सरासरी चार पूर्णांक दोन सेकंद लागत. तिसऱ्या वर्षी, वाहन चालवू देऊ नये असं संस्थेनं कळवलं तेव्हा, चार पूर्णांक एक. अगदी शेवटच्या वेळी, चार पूर्णांक दोन.

"डॉक्टर, झिजणारी गोष्ट अशी सरळ रेषेत राहते का?"

निमकरनं रेषेकडे पाहिलं. मग जवळून पाहिलं. "नाही राहत. लोकांचा वेळ वाढत जातो. किंवा एकदम कमी होतो, विचार न करता पान ठेवतात. ही रेषा तर..." तो थांबला. "माझीसुद्धा इतकी सरळ येणार नाही."

"ते प्रत्येक वेळी पूर्ण विचार करत होते. तिघांचाही. आणि मग नाही म्हणत होते."

"पण बळी दिला नाही ना त्यांनी."

"दिला नाही आणि देता आला नाही, यांना तुमच्या तक्त्यात वेगळे रकाने आहेत?"

निमकरनं तक्ता वर-खाली सरकवून पाहिला. जणू रकाना तिथेच कुठेतरी पडला असेल. "एकच आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पुढच्या आवृत्तीत सुचवता येईल."

हेमांगीनं पाटी परत दिली. असा तपासणी अहवाल तिच्या हाताखालच्या कुणी दिला असता, तर तिनं त्याला बाकावर उभं केलं असतं. आणि तो तिनं स्वतः वाचला होता, फोनवर, उभ्या उभ्या, आणि नमुना स्वयंपाकघरात मटार सोलत असताना त्याला एक शब्द विचारला नव्हता.

"मी त्यांची गाडी काढून घेतली, चाचा," ती म्हणाली. "तीन वर्षं ते या उन्हातून चालत आले इथे."

मैनूभाई अचानक स्वतःच्या पानांत फार गढून गेले. कदम सिस्टर खोकल्या. खिडकीजवळचा कॅरमचा डाव थांबला.

"सांगा की आता," सिस्टर म्हणाल्या. "आता काय कुणाची किल्ली जप्त होणार आहे?"

"काय सांगा?"

"तसं काही नाही," मैनूभाई म्हणाले. "दाढीच्या डब्यात, ब्रशच्या खाली, दुसरी किल्ली होती."

"स्कूटरची?" हेमांगीनं विचारलं.

"तू नऊला बसनं कामावर जायचीस, स्कूटर घरीच. मी साडेतीनला तुमच्याकडे. तात्या चालवायचा, मी मागे. पाच वाजता परत, गाडी पुसून होती तशी जागेवर. आरसासुद्धा तुझ्या मापाला फिरवून ठेवायचा. घामाघूम दिसावं म्हणून दारात येताना तोंडावर पाणी मारायचा."

"दर बुधवारी बॅटरी उतरलेली असायची!" हेमांगी म्हणाली. "मी दोनदा मेकॅनिक बोलावला. आपोआप गळतेय म्हणून नवी बॅटरी बसवली!"

"तेव्हा तात्याला आठ दिवस झोप नव्हती. म्हणाला, पोरीला खर्चात घातलं, आता कबूल करतो. मीच म्हटलं, गप बस, नवी बॅटरी लांब पळते. त्या महिन्यात आम्ही कोयनेच्या पुलापर्यंत जाऊन आलो."

हेमांगी हसली. मोठ्यानं, तोंड उघडून, जसं तात्या गेल्यापासून हसली नव्हती. हसता हसता मधेच ते हसणं दुसरंच काहीतरी झालं. कदम सिस्टरांनी घड्याळावरची नजर न काढता पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. मैनूभाईंनी रुमाल पुढे केला, मग त्यात मघाशी कवळी होती हे आठवून मागे घेतला.

"तीन मिनिटं," सिस्टर जरा वेळानं म्हणाल्या.

हेमांगीनं डोळे पुसले आणि पटाकडे पाहिलं. रांगेत चाफोली मुक्काम, घाणव सात-दहा, वरची निवी. बळी दिला तर चाळीस टक्के घरी. नाही दिला तर मैनूचाचा पुढच्याच चालीला डाव संपवणार, फळ्यावर सहावं नाव लागणार, आणि या तिघांसकट सगळी गड्डी धुतली जाणार. साठ कोंबून बसतात, नऊ राहतात. हिशेब बरोबरच होता.

तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. किती सेकंद लागले ते तिनं मोजलं नाही. पानांनी मोजलं असेल.

"पास," ती म्हणाली.

निमकरनं डोळे मिटले.

आता चाल मैनूभाईंची. केंद्रातले सगळे उठून पटाभोवती आले. मैनूभाईंनी आपली तीन पानं उचलली आणि हात काळ्या खळग्यावर नेला. याआधी हा हात तिथे दोनशे दहा वेळा गेला होता आणि एकदाही अडखळला नव्हता. तो अडखळला. त्यांनी पुसून ठेवलेल्या फळ्याकडे पाहिलं. समोरच्या रांगेकडे पाहिलं. रांगेतला शेवटचा चिखल्या पोट पुढे काढून, गाडी लागायची वाट पाहावी तसा उभा होता.

"सिस्टर," मैनूभाई म्हणाले, "डाव चालू आहे तोवर गड्डी उचलता येत नाही ना?"

"नियम सतरा."

"आणि बुधवारी एक चाल केली की डाव चालू."

"नियम नऊ."

"पास ही चाल धरतात?"

कदम सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्या चाळीस वर्षं दवाखान्यात होत्या. माणूस कुठल्या क्षणी काय मागतोय ते त्यांना कळत असे. "धरतात," त्या म्हणाल्या.

मैनूभाईंनी तिन्ही पानं एकेक करून परत जागेवर ठेवली. चेहरा असा, जणू कुणी दाढ उपटत होतं, आणि दाढ तर एकही उरलेली नव्हती.

"पास."

कॅरमवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "अरे, याला ब्रेक आहेत!"

"पण असं कसं?" निमकर म्हणाला. "तुम्ही दोघं पास म्हणत राहिलात तर हा डाव कधी संपणारच नाही!"

"डॉक्टर," कदम सिस्टर घड्याळ बंद करत म्हणाल्या, "इथं संपायची घाई कुणालाच नाही. चहा घेणार का?"

शुक्रवारी मैनूभाईंच्या मुलाला संस्थेचा संदेश आला. 'मैनुद्दीन मुल्ला, वय ७८. निर्णयक्षमतेत अचानक मोठी घट. वाहन चालवू देऊ नये.' मुलगा आज्ञाधारक होता. त्यानं वडिलांच्या गाडीची किल्ली कपाटात टाकली. पुढच्या बुधवारी साडेतीन वाजता मैनूभाई सवयीनं शेवाळ्यांच्या दारात येऊन उभे राहिले आणि तिथे हेमांगी हेल्मेट घालून तयार होती. दाढीच्या डब्यातली किल्ली तिच्या हातात होती. रजेच्या अर्जावर तिनं 'घरगुती काम' असं लिहिलं होतं.

"मी चालवतो," मैनूभाई म्हणाले.

"तुम्हाला मनाई आहे, चाचा. बसा मागे."

गाडी निघाली. कोपरा वळेपर्यंत मैनूभाई गप्प राहिले. त्यांनी पुष्कळ सहन केलं.

"हेमे, तो सायकलवाला आपल्या पुढे गेला."

"जाऊ दे."

"त्याच्या कॅरिअरला गॅसची टाकी आहे."

चौकात हेमांगीचा फोन वाजला. तिनं गाडी कडेला घेतली आणि संदेश वाचला. नव्या आवृत्तीचा रकाना अजून यायचा होता. 'हेमांगी शेवाळे, वय ४६. आगाऊ नियोजनाची कुवत: जवळपास नाही. वाहन चालवू देऊ नये.'

"काय झालं?" मैनूभाईंनी मागून विचारलं.

"मीही गाडी चालवू नये म्हणतायत."

"ते बरोबर आहे," मैनूभाई म्हणाले. मग त्यांना तिढा कळला. "म्हणजे आता दोघांनाही मनाई? मग काय, उतरायचं?"

चार वाजायला नऊ मिनिटं होती. केंद्रात पट मांडलेला असेल, खुर्चीवर उशी असेल, सिस्टर घड्याळ घेऊन बसल्या असतील. हेमांगीनं फोन पर्समध्ये टाकला आणि आरशात पाहिलं. आरसा मागे बसणाऱ्याचा चेहरा नीट दिसेल असा जरा जास्तच आत वळवलेला होता. शेवटच्या बुधवारी तो फिरवून ठेवायचा राहून गेला असावा. तिनं तो तसाच राहू दिला.

"बसा घट्ट," ती म्हणाली. "फेरी रद्द नाही."

तिनं हँडलवर दोनदा टिचकी मारली आणि गाडी सोडली.